इंजिनाचा काटा मधोमध, तरी गिअरबॉक्स तापला कसा?

ऑटोमॅटिक ट्रक जड ट्रेलर ओढत चढ चढतो आहे. अचानक डॅशबोर्डवर इशारा उमटतो, ट्रान्समिशन गरम झालंय. चालक सवयीने तापमानाच्या काट्याकडे बघतो. काटा रोजच्याच जागी, मधोमध. कूलंट पुरेसं आहे, पंखा फिरतोय, वाफ कुठेच नाही. मग सेन्सर बिघडला असणार असं समजून गाडी तशीच पुढे दामटली जाते. काही महिन्यांनी गिअर उशिरा पडायला लागतात, इंजिन नुसतं गुरगुरतं, गाडी पुढे सरकत नाही, आणि गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडल्यावर आत काळं पडलेलं, करपट वासाचं तेल मिळतं.

सेन्सर खरंच सांगत होता. मधोमध उभा असलेला काटा इंजिनाच्या कूलंटचा असतो. गिअरबॉक्सचं तेल वेगळं, त्याचं तापणं वेगळं आणि ते तापण्याची वेळही वेगळी. ट्रेलर ओढणाऱ्यांनी ही दोन तापमानं वेगवेगळी समजून घ्यायला हवीत, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बहुतेक वेळा एका दिवसात मरत नाही, प्रत्येक चढावर थोडा थोडा झिजत जातो.

इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये फक्त तेल

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना क्लच प्लेट जोडते. पेडल सोडलं की दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटतात. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेलं, गोल, बंद भांडं म्हणा. आत एकमेकांसमोर पात्यांची दोन चाकं असतात. एक इंजिनाला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. दोघांमध्ये धातूचा कसलाही सांधा नाही. इंजिनाकडचं चाक तेल फिरवतं, फिरतं तेल दुसऱ्या चाकाला ढकलतं.

बादलीभर पाणी हाताने जोरात गोल फिरवा आणि त्यात एक वाटी तरंगत सोडा. पाण्याबरोबर वाटीही फिरू लागेल. आता वाटीला बोटाने थोडंसं अडवा. वाटी मंदावते, पाणी मात्र तिच्या बाजूने सरकत फिरतच राहतं. जड ट्रेलर म्हणजे वाटीला लावलेलं ते बोट. इंजिनाकडचं चाक पुढे, गिअरबॉक्सकडचं मागे. दोघांच्या वेगातल्या या फरकाला स्लिप म्हणतात. पुढचा सगळा लेख या एका शब्दाभोवती आहे.

जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये या यंत्रणेचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. वेगाने फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनची ताकद सावकाश फिरणाऱ्या पंख्यापर्यंत पोचवायची होती. मोटारींमध्ये ही कल्पना बरीच नंतर आली. तिचा मोठा गुण म्हणजे दोन चाकांच्या मधे बसवलेली तिसरी पाती, स्टेटर. परतणाऱ्या तेलाची दिशा ती वळवते, आणि गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर साधारण दुप्पट होऊन पुढे जातो. जड ट्रेलर जागेवरून उचलताना ऑटोमॅटिक गाडी इतकी सहज हलते ती यामुळेच. म्हणजे स्लिप हा दोष नाही. ती उपयोगाची आहे, फक्त तिची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

एक खुलासा इथेच करतो. एएमटी नावाने येणाऱ्या गाड्यांमध्ये क्लच पेडल नसलं तरी आत साधा कोरडा क्लच आणि मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, गिअर बदलायचं काम फक्त यंत्र करतं. तिथे टॉर्क कन्व्हर्टर नाही, म्हणून हा लेखही त्यांच्यासाठी नाही.

किती उष्णता? आकडे मांडून पाहू

१८४५ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी वजन खाली सोडून त्याच्या दोरीने पाण्यातली पाती फिरवली आणि पाणी किती तापलं ते मोजलं. गती कुठे नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते, हे त्यातून दिसलं. स्लिप होणारा टॉर्क कन्व्हर्टर नेमकं हेच करतो, फक्त पात्यांवर इथे शेकडो किलोचं इंजिन लावलेलं असतं.

समजा, ट्रक आणि ट्रेलर मिळून वजन ६००० किलो आहे. चढ ६ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर. वेग ताशी ५० किलोमीटर. नुसतं गुरुत्वाकर्षणाशी झगडायला सुमारे ४९ किलोवॉट लागतात. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा धरला की चाकांवर ६० किलोवॉटच्या आसपास ताकद पोचवावी लागते. आता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये १० टक्के स्लिप होत असेल, तर जवळजवळ १० टक्के ताकद तेलातच जिरते. म्हणजे सहा ते सात किलोवॉट उष्णता, तीही चढ संपेपर्यंत सतत.

गिअरबॉक्समध्ये दहा लिटर तेल धरलं, तर ते एक अंशाने तापायला साधारण १७ किलोज्यूल पुरतात. सहा किलोवॉट म्हणजे सेकंदाला सहा किलोज्यूल. सगळी उष्णता तेलातच राहिली असती, तर तेल मिनिटाला वीस अंशांनी चढलं असतं. प्रत्यक्षात गिअरबॉक्सचा धातू बरीच उष्णता शोषून घेतो आणि कूलर काही बाहेर टाकतो, म्हणून एवढं होत नाही. पण चढ लांब असेल तर धातूही तापतो, आणि मग सगळी भिस्त एकट्या कूलरवर येते.

टोकाची अवस्था म्हणजे इंजिन जोरात आणि चाकं जागच्या जागी. तेव्हा इंजिनाची सगळीच्या सगळी ताकद तेलात जाते. कन्व्हर्टर तपासायला गॅरेजमध्ये ब्रेक दाबून एक्सिलरेटर पूर्ण दाबण्याची जी स्टॉल टेस्ट करतात, ती काही सेकंदांच्या वर ताणू नका असं सर्व्हिसच्या पुस्तकांत बजावलेलं असतं, ते याच कारणाने.

लॉकअप: स्लिप थांबवणारा क्लच

उपाय इंजिनिअरांना लवकर सुचला होता. कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच बसवायचा आणि गाडी वेगात आली की दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट बांधून टाकायची. याला लॉकअप क्लच म्हणतात. १९४९ मध्ये पॅकार्ड कंपनीच्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये तो आला. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंधन वाचवण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा तो सर्रास दिसू लागला.

लॉकअप लागला की कन्व्हर्टरमधली उष्णता जवळजवळ बंद होते. गिअर, पंप आणि बेअरिंग यांचं थोडं तापणं राहतं, पण ते कूलरच्या आवाक्यातलं असतं. म्हणून ट्रेलर ओढताना मनात एकच प्रश्न सतत असावा: आत्ता लॉकअप लागलेला आहे की नाही? तो लागलेला असेल तर भर उन्हातला चढही गिअरबॉक्स निभावून नेतो. सुटलेला असेल तर साधा वाटणारा चढही महाग पडतो.

ओळखायचं कसं? एकसारख्या वेगाने जाताना एक्सिलरेटर किंचित दाबा. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा एकदम दोन-तीनशेने उडाला आणि गाडीचा वेग तेवढा वाढला नाही, तर लॉकअप सुटला. काटा आणि वेग हातात हात घालून चढले, तर तो लागलेला आहे. थोड्या सवयीने हे कानालाही कळतं.

तेल तापलं तर एवढं बिघडतं काय?

ऑटोमॅटिकमधलं तेल, म्हणजे एटीएफ, फक्त वंगण नाही. ताकद पोचवतं तेच, गिअर बदलणाऱ्या क्लचवर दाब देतं तेच, क्लच प्लेटना योग्य घर्षण देतं तेच आणि उष्णता वाहून नेतं तेही तेच. एक वस्तू चार कामं करते, म्हणून ती खराब झाली की चारही बाजू एकदम खचतात.

गरम तेल हवेतल्या ऑक्सिजनशी वेगाने संयोग पावतं. ढोबळ नियम असा, की तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. ९० अंशांऐवजी १२० अंशांवर ते सतत चालवलं, तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. मेकॅनिक मंडळींमध्ये वर्षानुवर्षं एक तक्ता फिरतो: ११५ अंशांच्या आसपास तेलातून चिकट थर तयार व्हायला लागतो, १२५ ते १३० वर रबरी सील कडक होऊ लागतात, १४५ च्या पुढे क्लच प्लेट घसरू लागतात. आजची सिंथेटिक तेलं याहून जास्त सोसतात, त्यामुळे आकडे थोडे पुढे सरकवून वाचावेत. बिघाडाचा क्रम मात्र बदललेला नाही.

आणि या क्रमातच खरा धोका आहे. चिकट थर व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक व्हॉल्व्हना अडकवतो. हा भाग म्हणजे तेलाचा दाब कुठे आणि कधी द्यायचा ते ठरवणारी गुंतागुंतीची चौकट. सील कडक झाले की दाब गळतो. दाब कमी पडला की क्लच प्लेट पुरेशा घट्ट धरत नाहीत, त्या घसरतात, घसरल्या की आणखी उष्णता, आणि ती त्याच तेलात. एकदा हे चक्र सुरू झालं की तेल बदलूनही फारसा उपयोग होत नाही, कारण प्लेटवरचं अस्तर आधीच गेलेलं असतं.

उष्णता बाहेर जाते कशी

बहुतेक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं तेल दोन नळ्यांतून रेडिएटरपर्यंत जातं. रेडिएटरच्या टाकीत एक छोटा बंद कूलर बुडवलेला असतो. आत तेल, बाहेर कूलंट. थंड सकाळी हेच कूलंट तेलाला लवकर उबदार करतं, हा त्याचा फायदा. मर्यादा अशी, की उष्णता किती जाईल हे दोन्हींच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. तेल ११० अंशांवर आणि कूलंट ९० वर असेल तर फरक फक्त वीसचा. लांब चढावर कूलंट स्वतःच शंभरीपार गेलं की फरक जवळपास उरतच नाही. गिअरबॉक्सला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच हा कूलर हात टेकतो.

म्हणून ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना पुढे, जाळीच्या मागे, वेगळा हवेचा कूलर देतात. हवा ४० अंशांची असली तरी ११० अंशांच्या तेलापुढे फरक सत्तरचा होतो. बाहेरून असा जादा कूलर लावताना प्रचलित क्रम असा: तेल आधी रेडिएटरमधल्या कूलरमधून जावं, मग हवेच्या कूलरमधून आणि तिथून परत गिअरबॉक्सकडे. शेवटचा थंडावा हवेकडून मिळतो आणि थंडीतलं लवकर उबदार होणंही टिकतं. फार थंड प्रदेशात तेल गरजेपेक्षा गार राहू नये म्हणून थर्मोस्टॅट असलेला बायपास लागतो.

कूलरचेही प्रकार आहेत. एक लांब वळणावळणाची नळी आणि तिच्यावर पंख, हा जुना आणि स्वस्त प्रकार. चपट्या पोकळ पट्ट्या एकावर एक रचलेला स्टॅक्ड प्लेट कूलर तेवढ्याच जागेत जास्त उष्णता टाकतो, आणि थंड, दाट तेलाला वाटही सोपी देतो. नियमित जड ओझं ओढायचं असेल तर मी दुसराच घ्यायला सांगेन. बसवताना तो ब्रॅकेटवर कसावा. रेडिएटरच्या पंखांतून आरपार प्लास्टिकच्या पट्ट्या घालून बांधलेला कूलर कंपनाने हलतो आणि मागच्या नळ्या घासून भोक पाडू शकतो. होजही ट्रान्समिशनच्या गरम तेलासाठी बनवलेलेच हवेत, इंधनाचा साधा पाइप चालत नाही.

रेडिएटरमधला कूलर आतून फुटला तर कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतं आणि गुलाबी, फेसाळ, दुधाळ पदार्थ तयार होतो. तो दिसला तर गाडी एक मीटरही चालवू नका. क्लच प्लेटवरचं अस्तर कागदासारख्या पदार्थाचं आणि डिंकाने चिकटवलेलं असतं. पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल हे रसायन ते सोडवून टाकतात.

“मग भला मोठा कूलर लावला की प्रश्न मिटला ना?”

अर्धाच मिटतो. कूलर तयार झालेली उष्णता बाहेर टाकतो, ती तयार होण्याचं थांबवत नाही. शिवाय त्याला वाहती हवा लागते. ताशी १५ किलोमीटरने रांगणाऱ्या वाहतुकीत किंवा अरुंद वाटेवर जाळीतून हवा जेमतेम येते, आणि स्लिप सर्वांत जास्त असते तीही तेव्हाच. फार मोठा कूलर पुढे लावला तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्याकडे जाणारी हवा अडते आणि एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. उंच डोंगरात हवा विरळ असते, तिथे तोच कूलर कमी काम करतो.

तेल फार थंड ठेवणंही बरोबर नाही. गार तेल दाट असतं, गिअर जड पडतात, आणि तेल उबदार होईपर्यंत अनेक गाड्यांचा संगणक लॉकअप लावतच नाही. म्हणजे उपाय म्हणून लावलेला कूलर उलट स्लिप वाढवू शकतो.

कूलर जरूर लावावा. पण तो दुसरा उपाय. पहिला उपाय चालकाच्या पायात आणि गिअरच्या दांड्यात आहे.

चढावर नेमकं काय करायचं

वरच्या गिअरमध्ये चढाला लागलेल्या गाडीचं इंजिन दमतं. संगणक आधी लॉकअप सोडतो, मग गिअर खाली घेतो. थोडा वेग आला की गिअर पुन्हा वर, लॉकअप पुन्हा लागतो, पुन्हा दम कमी पडतो, पुन्हा सगळं सुटतं. चालकाला हे मागेपुढे होणारे हलके झटके म्हणून जाणवतं. प्रत्येक झटक्यात गिअरमधले क्लच घसरतात आणि कन्व्हर्टर स्लिप होतो. लांब चढावर हे अनेकदा घडतं, आणि तेल तापण्याचं हे फार मोठं, तरीही टाळता येण्याजोगं कारण आहे.

टो मोड किंवा हॉल मोडचं, म्हणजे ओझं ओढण्यासाठीच्या मोडचं, बटण यासाठीच असतं. ते दाबलं की गिअर उशिरा वर जातो, खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहतो, लॉकअप लवकर लागून शक्यतो टिकतो, आणि अनेक गाड्यांमध्ये क्लचवरचा दाब वाढल्यामुळे गिअर झटकन, कमी घसरत बदलतो. उतारावर ब्रेक दाबला की तोच मोड गिअर खाली घेऊन इंजिनाचा ब्रेकही देतो. ट्रेलर जोडला की बटण दाबलंच पाहिजे. सपाट रस्ता आहे म्हणून ते विसरू नका.

ज्या गाडीत हे बटण नसतं, तिथे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद करा किंवा चढ सुरू होण्याआधीच हाताने एक गिअर खाली घ्या. आधीच, हे महत्त्वाचं. इंजिन दमल्यावर गिअर उतरवला तर मधला सगळा वेळ स्लिपमध्ये गेलेला असतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनावर ओझं हलकं येतं, म्हणून संगणकाला लॉकअप सोडायची गरज पडत नाही. एक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबायची वेळ आली तर समजा, गिअर अजून एक खाली हवा किंवा वेग थोडा कमी हवा.

नव्या आठ आणि दहा गिअरच्या गाड्यांत हे सगळं बरंच सोपं झालंय. गिअरमधलं अंतर कमी असल्यामुळे लॉकअप अगदी खालच्या गिअरपासून लागतो. जुन्या चार गिअरच्या गाडीवर मात्र चालकाला जास्त लक्ष ठेवावं लागतं.

“पण इंजिन एवढं ओरडतंय, त्याचं काय?”

ही भीती इतकी पसरलेली आहे, की ती गिअरबॉक्सचं सगळ्यात जास्त नुकसान करते असं मला वाटतं. आवाज मोठा म्हणजे त्रास जास्त, असं आपलं मन समजतं. इंजिन त्याच्या मर्यादेच्या आत, लाल पट्ट्याच्या बरंच खाली वेगाने फिरत असेल तर ते आरामात असतं. उलट फायदे बघा: कूलंटचा पंप वेगाने फिरतो, गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनाबरोबर फिरत असल्याने कूलरकडे तेल जास्त जातं, आणि पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर हवाही वाढते. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, गुपचूप घुरघुरत चढणारी गाडी कानाला बरी वाटते, पण आत तिचं तेल शिजत असतं. डिझेलला दोन पैसे जास्त जातील. नवा गिअरबॉक्स त्याहून फार महाग पडतो.

मोठ्या टायरची गंमत नाही, किंमत आहे

ही गोष्ट फार कुणी सांगत नाही. गाडीला दिसायला भारी म्हणून मूळ मापापेक्षा मोठे टायर लावले, तर प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. परिणाम असा, जणू सगळे गिअर थोडे उंच झाले. तोच चढ चढायला गिअरबॉक्समधून जास्त जोर जावा लागतो आणि लॉकअप वारंवार सुटतो. असे टायर लावून जड ट्रेलर ओढणाऱ्यांनी ॲक्सलचं गिअर गुणोत्तरही त्यानुसार बदलून घ्यावं, नाहीतर मूळ मापाचे टायर परत बसवावेत.

रिव्हर्स: सगळ्यात वाईट काही मिनिटं

जड ट्रेलर चढावर मागे ढकलत, वळवत, जागेवर बसवणं. यात लॉकअप नसतो, वेग जवळपास शून्य, हवा नाही, आणि इंजिनाची बरीचशी ताकद थेट तेलात. दोनशे किलोमीटरच्या प्रवासात जे तापमान वाढलं नाही ते या काही मिनिटांत वाढू शकतं. त्यातून हे सगळं प्रवासाच्या शेवटी होतं, तेल आधीच गरम असताना.

चारचाकी ओढीच्या गाडीत लो रेंज, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढे असलेला जादा खालचा गिअर, असेल तर इथे ती खरंच कामाला येते. चाकांकडे जाणारा जोर गिअरबॉक्सच्या पुढे वाढतो, त्यामुळे कन्व्हर्टरवरचा ताण कमी होतो आणि गाडी मुंगीच्या गतीने, पण कमी स्लिपने सरकते. एक सावधगिरी: साध्या, गरजेपुरत्या जोडायच्या चारचाकी यंत्रणेत डांबरी किंवा सिमेंटच्या कोरड्या जमिनीवर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात. माती किंवा खडीवर ते चालतं. लो रेंज नसेल तर मधे थांबून, न्यूट्रलमध्ये टाकून, तेल फिरू द्यावं आणि मग पुन्हा मागे घ्यावं.

“कंपनीनेच एवढं वजन ओढता येतं असं लिहिलंय ना?”

लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच कंपन्यांसाठी त्यामागे खरी परीक्षा असते. २००८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने आकडा ठरवायची. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ते स्वीकारलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या मागून आल्या. त्यातली उष्णतेची परीक्षा अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या डेव्हिस डॅम या चढावर बेतलेली आहे: सुमारे १८ किलोमीटरचा चढ, किमान ३८ अंश तापमान, एसी पूर्ण चालू, ट्रेलर पूर्ण क्षमतेचा. मागे एकेरी चाकं असलेल्या ट्रकने ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये, जोडचाकांच्या ट्रकने ५६ च्या खाली.

या अटी नीट वाचा. गाडी नवी, तेल ताजं, टायर मूळ मापाचे, कूलर स्वच्छ, आणि वेग टिकवून ठेवलेला. पंखांत माती भरलेली, तेल चार वर्षांचं, पुढे रांगणारी वाहतूक, अशा परिस्थितीची हमी तो आकडा देत नाही. छापील क्षमतेच्या काठावर न जाता थोडी मोकळीक ठेवून ओढावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

कोणता आकडा ठीक, कोणता नाही

ट्रेलर ओढणाऱ्याने गिअरबॉक्सच्या तापमानाचा आकडा समोर दिसेल अशी सोय करावी. काही गाड्यांच्या डॅशबोर्डवरच तो निवडता येतो. नसेल तर गाडीतला बिघाड तपासायच्या (ओबीडी) सॉकेटमध्ये जोडायचं छोटं यंत्र मोबाइलवर तो दाखवू शकतं. नुसत्या इशाऱ्याच्या दिव्यावर विसंबू नका. तो पेटतो तोपर्यंत तेल बरंच तापलेलं असतं.

सेन्सर कुठे आहे हे आधी समजून घ्या. तळाच्या पॅनमधलं तापमान सावकाश बदलतं आणि तेल एकंदरीत कसं आहे ते सांगतं. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीतलं तापमान काही सेकंदांत उसळतं आणि लॉकअप लागताच तितक्याच वेगाने खाली येतं. तिथे थोडा वेळ मोठा आकडा दिसला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पॅनमध्ये ८० ते ९५ अंश हे रोजचं. नव्या गाड्या इंधन वाचवायला मुद्दाम तेल थोडं गरम ठेवतात, म्हणून ९५ दिसलं तर ते बरोबरच आहे. ११० च्या पुढे सतत राहू लागलं की गिअर खाली, वेग कमी. १२० ओलांडून चढतच राहिलं तर सुरक्षित जागा बघून थांबा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

इशारा आलाच तर

गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना लाकूड किंवा दगड लावा आणि न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन चालू ठेवा. लगेच बंद करू नका. पंप इंजिनावर चालतो, इंजिन थांबलं की तेलही थांबतं आणि कन्व्हर्टरमधली उष्णता तिथेच अडकते. आरपीएम हजार-बाराशेवर ठेवलं तर तेल कूलरमधून फिरत राहतं. पार्कऐवजी न्यूट्रल एवढ्यासाठी, की काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये कूलरकडे तेल जातच नाही. अशा वेळी बॉनेट उघडं ठेवलं तर हरकत नाही, पण खाली तेल ठिबकताना दिसलं तर इंजिन लगेच बंद करा. तापून फुगलेलं तेल गिअरबॉक्सच्या हवा सोडणाऱ्या नळीतून (ब्रीदर) बाहेर येऊन गरम सायलेन्सरवर पडलं तर आग लागू शकते.

“तेल तर आयुष्यभर चालतं म्हणतात”

हलक्या वापराच्या गाडीपुरतं हे कदाचित जमेल. त्याच पुस्तकात मागे ‘खडतर वापर’ असं वेगळं वेळापत्रक असतं, आणि ट्रेलर ओढणं बहुतेक वेळा त्याच यादीत येतं. तुम्हाला तेच लागू आहे. एखाद्या चढावर तेल खूपच तापलं असेल, तर किलोमीटरची वाट न बघता ते बदलून घ्या.

ताजं तेल बहुधा लाल आणि पारदर्शक असतं. नुसतं गडद झालं म्हणून ते खराबच असं नाही, पण तपकिरी रंगाबरोबर करपट वास आला तर क्लच प्लेट जळल्या असण्याची शक्यता मोठी. पातळी मोजताना गाडी सपाट जागी, तेल गरम आणि पुस्तकात जशी सांगितली असेल त्या अवस्थेत इंजिन हवं. जास्त भरलेलं तेल फिरत्या गिअरमध्ये घुसळून फेसाळतं, आणि फेसाला दाबही धरता येत नाही की उष्णताही नेता येत नाही. तेल मात्र कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं घ्या. घर्षणाचे गुण प्रतीनुसार बदलतात, दुसरं तेल टाकलं तर तोच क्लच घसरू शकतो.

आणि गिअरबॉक्स एकदा जळून दुरुस्त करावाच लागला, तर मेकॅनिकला कूलर आणि नळ्यांबद्दल विचारा. जुन्या प्लेटचा भुसा आणि धातूचे कण कूलरच्या बारीक वाटांत जाऊन बसतात. ते तसेच राहिले तर नव्या गिअरबॉक्सला पहिल्या दिवसापासून तेल कमी मिळतं आणि वर तो कचराही परत आत येतो. नळीच्या कूलरमधून कचरा बऱ्याच अंशी धुवून काढता येतो, स्टॅक्ड प्लेट कूलरच्या आतल्या गल्ल्यांतून तो सहसा निघत नाही, म्हणून तो नवाच बसवून घ्यावा.